एकदाच विचारायचं

कायतानच्या घरात एक नियम होता. कोणतीही गोष्ट एकदाच विचारायची आणि जे उत्तर येईल ते धरून चालायचं. शपथ घालायची नाही, घ्यायची नाही. गळ्याची नाही, आईची नाही, क्रुसाची तर नाहीच.

नियम त्याने घातलेला असला तरी त्याचा स्वतःचा नव्हता. लहानपणी गोव्यातल्या साष्टीत, गावी एका पाद्रीने प्रवचनात सांगितलं होतं की, ज्याचं होय हे होय असतं आणि नाही हे नाही असतं त्याला शपथेची गरज नाही, येशूने हेच शिकवलं. ते कायतानच्या डोक्यात बसलं. पुढे तो पुण्याला आला, पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज झाला, गावाकडून आनाला लग्न करून घेऊन आला, त्यांना मुलगी झाली. या सगळ्या काळात पुण्यातल्या किरिस्तावांना ना देऊळ होतं ना कायमचा पाद्री. एखादा पाद्री वर्षा-दोन वर्षांनी गोव्याहून यायचा, साचलेले बाप्तिस्मे उरकायचा आणि घाट उतरून परत जायचा. मुलीला किरिस्ताव म्हणून कसं वाढवायचं हे विचारायला कोणी नव्हतं. कायतानला जे आठवत होतं तेवढ्यावर त्याने भागवलं. सांजेची प्रार्थना, शुक्रवारी मांस नाही, भुकेल्याला आपल्यातलं द्यायचं, आणि हा नियम.

बाकीचं कमीजास्त झालं, पण नियम मात्र मुलीने पक्का उचलला. लुजी आता दहा-अकरा वर्षांची होती. घागर कोणी फोडली असं विचारलं की "मी" म्हणायची आणि खाली बघायची नाही. पेठेतल्या मुली खेळताना "आईच्यान म्हण" म्हणाल्या तर म्हणायची नाही, म्हणून तिला बऱ्याचदा खेळात घेत नसत. मग ती घरी येऊन विचारायची, "बाबा, शपथ न घेणारा खोटा कसा?" कायतानला तो प्रश्न आवडायचा.

त्यांचं घर नाना पेठेच्या पूर्वेच्या टोकाला होतं. तिथे घरं संपत आणि एका सरदाराची पागा सुरू होई. पागेमागे गवताच्या दोन गंज्या होत्या. त्या वर्षी आश्विन सरताना अवेळी पाऊस झाला आणि कापलेलं गवत कुरणातच भिजलं. पण सरदारांची स्वारी येणार म्हणून पागेचे कारकून श्रीनिवासपंत यांनी ते तसंच आणून रचायला लावलं. कुरणात पडलेलं गवत धन्याला दिसणं त्यांना बरं वाटत नव्हतं.

कार्तिकातल्या एका सकाळी मोठी गंजी पेटली. पहिली ओरड लुजीने केली. लोक धावले, धाकटी गंजी आणि घोडे वाचले, मोठी गंजी मात्र दुपारपर्यंत जळत राहिली. आळ आला बजरंगवर. बजरंग हा पागेतला मोतद्दार, म्हणजे घोड्यांची खरारा-मालिश, दाणापाणी बघणारा. गंज्यांची राखणही त्याच्याकडेच होती, आणि तो चिलीम ओढायचा हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पागेच्या ओसरीवर चौकशी झाली. श्रीनिवासपंत तक्क्याला टेकून बसले होते. खाली बजरंग, त्याची बायको तुळजाबाई, आणि पहिली ओरड करणारी म्हणून बोलावलेली लुजी. तिच्यामागे कायतान उभा होता.

"काल सकाळी चिलीम ओढलीस?" पंतांनी बजरंगला विचारलं.

"वढली. पर तिकडं भिंतीपाशी. झाडली बी तितंच. मंग घोडी घेऊन हौदावर गेलो."

"निखारा वाऱ्याने गंजीत गेला नसेल कशावरून?"

बजरंगने विचार केला. "ते मला बी सांगता यायचं न्हाई, पंत."

"छान. चोर म्हणतो, मी चोर असेनही." पंत लुजीकडे वळले. "तू काय पाहिलंस?"

"धूर वरून निघाला," लुजी म्हणाली. "शेंड्याला, मधोमध. कडेला नव्हता. तेव्हा बजरंगकाका हौदावर होते, गंजीपाशी कोणी नव्हतं. आधी तीन-चार दिवस सकाळी तिथून वाफ निघायची. काल मी वर चढून हात घातला तर भाजला. मग थोड्या वेळाने धूर आला."

"म्हणजे गवत आपणहून पेटलं. थंडी वाजत असेल त्याला."

"पेटलं कसं ते मला ठाऊक नाही. दिसलं ते सांगितलं."

तिने तळहात पुढे केला. बोटांच्या मुळाशी लाल डाग होता आणि कातडी थोडी वर आली होती.

"हात कशानेही भाजतो. घरी चूल असेलच."

"आहे. चुलीने भाजला असता तर चुलीने म्हटलं असतं."

पंत जरा हसले आणि मग हसू आवरून बसले. गवत आपणहून पेटत असेल, तर ओलं गवत रचायला लावणारा कोण, हा पुढचा प्रश्न होता, आणि तो त्यांना दिसला असावा. "हे बघ मुली, पोराची साक्ष मी घेत नाही. पण बजरंगची बायको गयावया करते आहे म्हणून घेतो. इतरांकडून मी बेलभंडार उचलून घेतला असता. तुमच्यात तो चालत नाही. तुमचं जे असेल त्यावर हात ठेव. गळ्यात क्रूस आहे ना? त्याला हात लाव आणि हेच पुन्हा सांग."

"नाही."

"काय नाही?"

"शपथ नाही घेणार. एकदा सांगितलं."

"कोणी शिकवलं हे?"

लुजीने मागे वळून बापाकडे पाहिलं. मग पंतांनी पाहिलं, तुळजाबाईने पाहिलं, बजरंगनेही पाहिलं.

कायतानने तिथेच "घे" म्हणायला हवं होतं. आनाने नंतर तसं म्हटलंही. पण त्याने म्हटलं नाही. कारण मुलगी बोलत असताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ओलं पेटत नाही.

त्याचा जन्म या एका गोष्टीवर गेला होता. दारूला जराशी ओल लागली तर तोफ मुकी राहते. पावसात जामगी, म्हणजे तोफेला बत्ती देण्याची जळती दोरी, कापडाखाली झाकून धरावी लागते. विस्तवाशिवाय काही पेटताना त्याने पाहिलं नव्हतं, आणि ओलं काही पेटलेलं तर नाहीच नाही.

"गोलंदाज," पंत म्हणाले, "तुमच्या घरी सत्य भरपूर पिकतं असं दिसतं, फक्त मापून द्यायला कोणी तयार नाही. उद्या दुपारपर्यंत वाट बघतो. परवा स्वारी येईल. शपथ झाली तर बजरंग राहील. नाही झाली तर त्याची चाकरी गेली, आणि बायकोला घेऊन त्याने पुणं सोडायचं."

घरी आल्यावर कायतानने आनाला सगळं सांगितलं. आना भाकरी थापत होती. ती थांबली.

"काल सकाळी मीच तिला तुळजाबाईकडे पाठवलं होतं," ती म्हणाली. "त्यांची चूल विझली होती. तुमच्या जामगीचा तुकडा पेटवून दिला होता हातात."

तोफखान्यात आखूड झालेले जामगीचे तुकडे कायतान घरी आणायचा. ते भडकत नसत, नुसते धुमसत राहत, त्यामुळे विस्तव न्यायला सोपे पडत. तुळजाबाईला या घरचं पाणी चालत नसे, विस्तव चालत असे. आणि तुळजाबाईची झोपडी गंज्यांना लागूनच होती.

कायतान खाली बसला. आता त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, ओलं गवत आपणहून पेटलं. हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. दुसरी, हातात जळती जामगी असलेली मुलगी गंजीवर चढली, जामगी पडली, हात भाजला. यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ती मुलगी लुजी होती.

त्याने तिला हाक मारली. "जामगीचं काय केलंस?"

"तुळजाकाकूंची चूल पेटवली आणि त्यांच्याच राखेत खुपसून विझवली."

"गंजीवर गेलीस तेव्हा हातात नव्हती?"

"राखेत विझवली म्हटलं ना."

"पूर्ण विझली होती? बघितलंस?"

लुजीने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाबा, हे तुम्ही विचारलंत."

"पुन्हा विचारतो आहे. जामगी कुठे होती?"

ती बाहेर निघून गेली. परसात कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला.

"चारदा विचारलंत," आना म्हणाली.

"कळलं मला. तुला काय वाटतं?"

"मला तिचं खरं वाटतं. पण ते खरं आहे म्हणून वाटतं की ती माझी आहे म्हणून, ते सांगता येत नाही." तिने भाकरी उलटली. "उकिरडा आतून ऊन लागतोच की हो हाताला. कोणी तिथे विस्तव ठेवलेला नसतो."

"ऊन लागणं वेगळं, पेटणं वेगळं."

"मी काय तोफखान्यात नाही," आना म्हणाली.

दिवेलागणीच्या आधी तुळजाबाई आली. ती उंबऱ्याच्या बाहेरच बसली, नेहमीसारखी.

"दादा, आमच्यात जो शपथ घेत न्हाई त्यो खोटा समजत्यात. पोरगी खोटी न्हाई ते मला ठावं हाय. मंग निस्ता हात लावायला काय जातंय तिचं? देव तुमचाच, गळा तिचाच."

"तुळजाबाई, तिने काल तुमच्याकडे जामगी विझवली का?"

तुळजाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला प्रश्नाचा रोख कळला. "मी पीठ मळत हुते. पाठ हुती माझी. विझवली म्हनली, मी बरं म्हनलं." ती उठली. "तुमी बी असं इचारायला लागल्यावर पंतांना काय म्हनायचं? आमचा गडी तिकडं बसून म्हनतोय, माझ्याच हातनं झालं असंल. तुमी हितं बसून म्हनताय, पोरीच्या हातनं झालं असंल. धड एक मानूस न्हाई ज्याला ठाम ठावं हाय."

एक आहे, असं आना आतून म्हणाली. ते तुळजाबाईला ऐकू गेलं नसावं.

सकाळी कायतान पाद्रीकडे गेला. पेशव्यांनी किरिस्तावांना देवळासाठी जागा दिली त्याला फार काळ झाला नव्हता. मातीच्या भिंती उभ्या होत्या आणि वर गवताचं छप्पर होतं. पाद्री नुकताच गोव्याहून कायमचा राहायला आला होता, वयाने कायतानपेक्षा लहान. तो भिंतीला चुना देत होता. कायतानने सगळं सांगितलं.

"शपथ घेऊच नये असं तुला कोणी सांगितलं?" पाद्रीने विचारलं.

"गावच्या पाद्रींनी. प्रवचनात."

"ते उठल्याबसल्या घेतलेल्या शपथांबद्दल असेल. न्यायासाठी, गरज पडली तर खऱ्याची शपथ घ्यायला मनाई नाही. मोठमोठ्या संतांनी घेतल्या आहेत."

कायतान म्हणाला, "म्हणजे मी तिला चुकीचं शिकवलं."

"चुकीचं नाही. जास्तीचं. आता तिला सांग की घे."

"आणि ती खोटं बोलत असली तर? क्रुसावर हात ठेवून खोटं बोलायला मीच लावलं असं होईल. आज नियम मोडायचा आणि तोही खोट्यासाठी."

"बोलते का ती खोटं?"

"ठाऊक नाही, पाद्रीबाब."

"तिच्या जन्मापासून तू तिला हेच शिकवतो आहेस ना?"

"म्हणूनच तर कळत नाही. आजवर खरं-खोटं करायची वेळच आली नाही. कधी तपासून पाहिलं नाही."

पाद्रीने कुंचला चुन्यात बुडवला. "काल संध्याकाळी ती पापांची कबुली द्यायला आली होती."

कायतानने मान वर केली. पाद्री लगेच भिंतीकडे वळला आणि आधी चुना दिलेल्या जागेवरच पुन्हा चुना देऊ लागला.

"काय म्हणाली ते विचारणार नाही," कायतान म्हणाला.

"विचारलंस तरी सांगणार नाही."

"पण आपला चेहरा..."

"म्हणून तर भिंतीकडे बघतोय. तिने एक विचारलं तेवढं सांगतो, ते कबुलीतलं नव्हतं. तिने विचारलं, येशू मरून पुन्हा उठला हे खरं न वाटून त्याच्या जखमेत हात घालून बघणाऱ्या शिष्यावर येशू रागावला होता का. मी म्हटलं, नाही, हात घाल म्हणाला. तुला स्वतःला काही कबूल करायचं आहे का?"

"मी तिला चारदा विचारलं."

"हे पाप असल्याचं माझ्या वाचनात नाही."

"आमच्या घरी आहे," कायतान म्हणाला.

परतताना त्याने सगळं पुन्हा मांडून पाहिलं. काल कबुलीला गेली, म्हणजे मनावर काही ओझं असणार. पण बापाचा राग येणं हेही मुलीला ओझंच वाटेल. हात भाजला, पण जामगीने भाजला की गवताने, ते डागावरून कळत नव्हतं. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी बसत होती. ज्या गोष्टीने एक बाजू खोटी ठरेल अशी गोष्ट त्याला एकही सापडेना.

लुजी परसात बसून शेंगा निवडत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"पाद्रीबाब म्हणतात, शपथ चालते. गरज असेल तर."

"तुम्हाला चालते?"

"मी नको म्हटलं होतं."

"मग ते चूक होतं का?"

"थोडं जास्त होतं."

लुजीने एक शेंग सोलली. "मग घेऊ? तुम्ही सांगाल तसं. बजरंगकाका जातील नाहीतर."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की कायतान चमकला. ती शपथ घ्यायला तयार होती. आता प्रश्न सुटायला हवा होता, पण तो होता तिथेच होता. खरं बोलणारी मुलगी शपथ घेईल, हे बरोबर. खोटं बोलणारीही घेईल. शपथेनंतर त्याला आतापेक्षा एका रतीने जास्त कळणार नव्हतं. फक्त त्याने पाचव्यांदा विचारलं असं होणार होतं, आणि या वेळी चारचौघांत, क्रूस मध्ये ठेवून.

"नको," तो म्हणाला. "चप्पल घाल."

ओसरीवर पंत पान लावत होते. "आली का शपथ?"

"शपथ नाही. मी जामीन राहतो," कायतान म्हणाला.

"कोणाला? बजरंगला?"

"हिच्या सांगण्याला. पुढे कधी हे खोटं निघालं, कोणी पाहणारा आला, तर माझी तोफखान्यातली चाकरी सोडीन आणि बजरंगऐवजी मी पुण्याबाहेर जाईन. बायकोमुलीसकट."

बजरंग उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

पंतांनी पानाला चुना लावायचं थांबवलं. "तुम्ही पाहिलंत का काही?"

"नाही."

"ओलं गवत आपणहून पेटतं असं तुम्हाला वाटतं?"

लुजी त्याच्या शेजारीच उभी होती. कायतानला "हो" म्हणता आलं असतं. तुळजाबाई त्याच्याकडे बघून मान हलवत होती, म्हणा हो म्हणून.

"माझ्या समजुतीप्रमाणे ओलं पेटत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे मुलीचं खोटं आहे."

"तसं नाही म्हटलं. मला कळत नाही असं म्हटलं."

"कळत नाही आणि जामीन राहता."

"हो."

"गोलंदाज, तोफ डागता तेव्हा गोळा कुठे पडणार हे तरी ठाऊक असतं ना?"

"बहुतेक वेळा."

पंतांनी पान तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं. जामीन घेणं त्यांच्या सोयीचं होतं. धन्याने विचारलं तर दाखवायला एक माणूस मिळाला होता, आणि गवत ओलं रचल्याची गोष्ट पुन्हा निघणार नव्हती. "ठीक. बजरंग राहू दे चाकरीवर. जामीन किरिस्ताव गोलंदाज." मग जाता जाता म्हणाल्यासारखं म्हणाले, "आणि बजरंग, ती दुसरी गंजी आजच उपसून वाळत टाक. तिलाही थंडी वाजायला नको."

ओसरीवरून उतरल्यावर लुजी काही पावलं चालली. मग थांबली.

"बाबा, तुम्हाला माझं खरं वाटतं का?"

तिने एकदाच विचारलं. कायतानला ठाऊक होतं की ती दुसऱ्यांदा विचारणार नाही, आणि तो जे सांगेल ते धरून ती चालेल. हो म्हणणं सोपं होतं, आणि कोणताही बाप म्हणाला असता.

"मला कळत नाही, लुजी."

तिचे ओठ जरा आत गेले. "बरं," ती म्हणाली. मग पागेमागे वळत म्हणाली, "चला मग. हात घालून बघा."

"पाद्रीबाबांनी सांगितलं ते मला."

"काय?"

"शिष्याचं."

"मी तुमच्यासाठीच विचारलं होतं," लुजी म्हणाली.

धाकटी गंजी पागेच्या मागे उभी होती. बजरंग दाताळं घेऊन वर चढला होता, अजून त्याने उपसायला सुरुवात केली नव्हती. कायतानने बाही वर केली आणि कडेने गवतात हात खुपसला. कोपरापर्यंत गेला. गवत दमट होतं आणि ऊन होतं. उकिरड्याइतकं ऊन. भाजण्यासारखं काही नव्हतं. त्याने खांद्यापर्यंत रेटलं, गवताची कुसळं मानेला टोचली, पण त्यापुढे हात जाईना.

"कडेने नाही," लुजी म्हणाली. "मधून असतं."

"काय बघताय, दादा?" बजरंगने वरून विचारलं. "माझी चिलीम न्हाई तितं."

"शेंड्याचं गवत काढ आणि मधे हात घालून बघ."

बजरंगने दोन-चार दाताळी गवत खाली टाकलं. मधून पांढुरकी वाफ वर आली आणि एक वास आला, भिजवलेल्या तंबाखूसारखा, थोडा करपल्यासारखा. बजरंग ओणवा झाला, हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. बोटं तोंडात घातली. मग पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"आयला," तो हळूच म्हणाला. "हितं हात ठरंना, दादा. इंगळावानी हाय. आनि गवत बी तांबडंकाळं पडलंय." तो बराच वेळ तिथेच ओणवा राहिला. "मंग माझी चिलीम नव्हती का काय?"

कायतानने वर चढून स्वतः हात घातला. मग खाली उतरून तळहाताकडे बघत उभा राहिला. तळहात लाल झाला होता, लुजीसारखाच, बोटांच्या मुळाशी. ओलं होतं आणि इतकं तापलं होतं, विस्तवाशिवाय. हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. पण तापलं म्हणजे पेटलं नव्हे. ही गंजी अजून पेटलेली नव्हती, आणि मोठ्या गंजीपाशी त्या सकाळी जामगी होती. हात खरा ठरला होता. वाफ खरी ठरली होती. राखेत विझवलेल्या जामगीबद्दल ही गंजी काहीच सांगू शकत नव्हती. आता थोडंच उरलं होतं, फक्त तेवढं एक.

त्याने लुजीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. कुंपणापाशी बांधलेल्या एका घोडीला खाली पडलेलं सुकं गवत निवडून निवडून भरवत होती, आणि तापलेलं तांबडं गवत बाजूला टाकत होती.

तो तिच्याजवळ गेला. प्रश्न ओठापर्यंत आला होता. आता विचारलं असतं तर तिने कदाचित रागावूनही सांगितलं असतं, आणि तिच्या आवाजावरून काहीतरी कळलं असतं. किंवा काही कळलं नसतं.

"काय झालं, बाबा?" लुजीने विचारलं.

काही नाही म्हणणं खोटं झालं असतं.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "पण ते माझं विचारून झालंय."

लुजीने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. तिला कळलं की नाही हे त्याला कळलं नाही. तिने हातातलं अर्धं गवत त्याला दिलं.

"तळहात सपाट ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर चावते."

त्याने भाजलेला हात सपाट पुढे केला. मागे बजरंग गंजी उपसत होता. दाताळ्याच्या प्रत्येक फेकीबरोबर वाफ वर येत होती आणि उन्हात विरून जात होती. घोडीचे ओठ तळहाताला लागले तेव्हा दुखलं, पण त्याने हात मागे घेतला नाही.